दादांनी खाल्लेली जागा

"खाल्ली. परत माझी जागा खाल्ली," भावजी बासच्या मानेशी तोंड नेऊन पुटपुटले. माणसापेक्षा उंच असं ते तंतुवाद्य काही चहाडी करणार नव्हतं. पण पियानो त्यांच्या अगदी कोपराला लागून होता आणि पियानोवर वहिनी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि नेहमीप्रमाणे कानाडोळा केला.

वहिनी म्हणजे चौकडीतल्या सगळ्यांच्याच वहिनी. सॅक्सोफोनवाले दादा त्यांचे यजमान, बासवाले भावजी धाकटे दीर, आणि ड्रमवाले डॉक्टर हे दातांचे. रविवारी दवाखाना बंद असे, तेव्हा पेशंटच्या खुर्च्या भिंतीशी सरकवून हे चौघे बाहेरच्या खोलीत जॅझ वाजवत. प्रकार साधा. धून सगळ्यांना पाठ. ती एकदा वाजवून झाली की ज्याची पाळी, त्याने तिच्यावरून त्या क्षणी सुचेल ते वाजवायचं आणि बाकीच्यांनी कान देऊन त्याच्या मागे राहायचं. तो श्वास घ्यायला थांबला की दुसऱ्याने उत्तर द्यायचं, पण तो पुरता थांबल्यावर. त्या थांबण्याला यांच्यात 'जागा' म्हणत. वाजवता कोणालाही येतं, जागा सोडणारा तो खरा, ही दादांची शिकवण. भावजींच्या हातात बास त्यांनीच दिला, तो याच एका वाक्यासकट.

आणि आता तेच दादा धाकट्या भावाचं म्हणणं पुरं व्हायच्या आत सॅक्सोफोन तोंडाला लावत. भावजी जरा दम खाऊन पुढचा सूर शोधताहेत, तोवर हे दार न वाजवता घरात शिरल्यासारखे आत.

"शनिवारी नाट्यगृहात लोकांसमोर हे असंच झालं ना वहिनी, तर मी तिथल्या तिथे बास आडवा ठेवून घरी जाईन," भावजी म्हणाले. "मोठा भाऊ आहे, मान्य. पण मी काय फोटो स्टुडिओतला पडदा आहे का, नुसता मागे टांगलेला?"

"खोली घुमते हो," डॉक्टर समजुतीने म्हणाले.

"घुमेल कशी? एवढा जाड गालिचा घातलात परवा."

"पेशंटला धीर येतो. पायाखाली मऊ लागलं की बरं वाटतं."

"दाढ काढायची तोंडातली, आणि लाड पायांचे."

दादा पलीकडे खिडकीशी पाठमोरे उभे राहून सॅक्सोफोनच्या तोंडातली रीड, म्हणजे फुंकायची पातळ पट्टी, पुसत होते. वळून म्हणाले, "काय म्हणतोय हा?"

"रीड बदला म्हणताहेत," वहिनी म्हणाल्या.

"कालच तर बदलली."

असं उत्तर चटकन जुळवणं वहिनींच्या हातचा मळ झाला होता. घरी बेल वाजली की "कोणीतरी आलं वाटतं" म्हणून त्याच उठत. इथे दादांची पाळी आली की डाव्या हाताने एक दणदणीत स्वरमेळ हाणत, म्हणजे दादांना खूण पटे. झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण हे किती सफाईने करतो याचा त्यांना थोडा तोराही होता.

पुन्हा सुरुवात झाली. भावजींची पाळी आली तेव्हा वहिनींनी डोळे मिटले आणि बऱ्याच दिवसांनी नुसतं ऐकलं. भावजी थांबतच नव्हते. दादांना शिरायला फट मिळू नये म्हणून घाईच्या प्रवाशाने ट्रंक भरावी तसे सूर कोंबत होते. डॉक्टर नको तिथे झांज वाजवून दादांना जागं करत होते. शेवटी भावजींचा दम संपला, ते थांबले, आणि नेमक्या त्या थांबण्यावर वहिनींचा स्वतःचा डावा हात दणकला. दादांना उशीर व्हायला नको म्हणून तो रविवारगणिक थोडा थोडा आधी पडू लागला होता. दादा शिरत होते ते वहिनींनी उघडलेल्या दारातून. जागेचा पहिला घास त्याच घेत होत्या.

एका माणसाला सांभाळता सांभाळता तिघे पहारेकरी झाले होते. जॅझ वाजवायला कोणीच उरलं नव्हतं.

पुढच्या फेरीला त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला. भावजी थांबले. दादांची पाळी होती, पण दादा शिरेनात. सॅक्सोफोन ओठांशी धरून त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. वहिनींची नजर खाली गेली. बूट बाजूला काढलेले, आणि पायाची बोटं गालिच्यात काहीतरी चाचपत होती. दादा कायम बूट काढूनच वाजवत. चावतात म्हणत. इतकी वर्षं, नवे असोत की जुने, सगळेच बूट कसे चावत होते?

वहिनी उठल्या आणि गालिच्याचं टोक धरून गुंडाळायला लागल्या.

"अहो, नवा आहे," डॉक्टर म्हणाले.

"म्हणूनच जपून गुंडाळतेय. ड्रम उचला."

खालची जुनी लाकडी जमीन उघडी पडली. भावजींनी बासचा टोकदार पाय तिच्यावर टेकवला आणि मुद्दामच हळू, एकेक सूर मोकळा सोडत वाजवायला घेतलं. थांबले. वहिनींचे दोन्ही हात मांडीवर. दादाही थांबले, फळ्यांतून पायांना लागणारा शेवटचा सूर विरेपर्यंत, आणि मग इतक्या हलकेच शिरले की भावजींना हसू आलं. भावजींनी उत्तर दिलं, दादांनी ते उचलून उलटं करून परत केलं. पुढे एक सूर दादांकडून सपशेल चुकीचा गेला. वहिनींनी तोच धरून खाली असा स्वरमेळ घातला की चुकलेला सूर पाहुणा न राहता घरचा झाला. डॉक्टर गालिचा विसरून खुर्चीत उड्या मारत होते.

संपल्यावर भावजींनी कपाळ पुसलं. "म्हणजे सगळा दोष गालिच्याचा."

"गालिच्याचाच," डॉक्टर घाईने म्हणाले. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

"आणि शनिवारी?" भावजींनी विचारलं. "नाट्यगृहात खाली काय आहे?"

"फरशी," वहिनी म्हणाल्या. "दगडी."

दगड काही थरथरत नाही. डॉक्टर काठ्या पुसायला लागले. भावजी तारा जुळवायला लागले. त्या जुळलेल्याच होत्या. उत्तर वहिनींच्या जिभेवर तयार होतं, फळी टाकू, रीड बदलू, काहीही. त्यांनी ते गिळलं आणि थांबल्या.

दादांनी तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहिलं. मग बूट हातात घेऊन ते उठले आणि भावजींसमोर जाऊन उभे राहिले.

"मला ऐकू येत नाही," दादा म्हणाले. "उजव्या कानाने तर अजिबातच नाही. शनिवारी तू माझ्या डाव्या बाजूला उभा राहा."