छातीवरचा पहारा

आमच्या निरवांगीत सप्ताह बसला, की वीणा जमिनीला टेकत नाही. पुढचा पहारेकरी येऊन पाया पडला, की त्याच्या गळ्यात वीणा घालायची, मगच आपण मोकळं व्हायचं. यंदा माझा पहारा नीळकंठाला देऊन मी बारामती गाठली. नात सातव्या महिन्यातच जन्मली होती, दवाखान्यात काचेच्या पेटीत होती.

डोळ्यांच्या डॉक्टर प्रमोदिनीबाई माझ्या सुनेला, संजीवनीला, समजावत होत्या. "डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्या अजून पुरत्या वाढल्या नाहीत. वेड्यावाकड्या वाढल्या तर नजर जाऊ शकते. वजन वाढू दे. आईच्या दुधानं धोका कमी होतो. पण तपासणी दर आठवड्याला हवीच."

संजीवनीनं ते मनात पक्कं धरलं. पण दूधच आटत चाललं होतं. टाके ओढायचे, काळजीनं झोप नाही. पंप लावला की वाटीचा तळ कसाबसा भिजायचा.

माझी बायको रंगूबाई म्हशीच्या दुधाची किटली घेऊनच आली. "गोठ्यात म्हशी मावत न्हाईत, आन् पोरगी थेंबाथेंबावर?"

"आत्याबाई, ते रेडकाचं हाय. हिला न्हाय पचायचं. च्या करा त्याचा," संजीवनी म्हणाली.

रंगूबाई फणकारली, पण किटली मागं सारली.

नर्सनं सांगितलं होतं, बाळाला उघड्या छातीशी धरा. ऊब मिळते, वजन वाढतं. संजीवनी धरायची, पण कळ आली की हात थरथरायचे. मुलगा अविराज रात्रभर जागून नुकताच आडवा झाला होता.

"मी धरली तर चालंल का, बाई?" मी नर्सला विचारलं.

"चालेल की, आजोबा. साबणानं स्वच्छ धुऊन या."

मी सदरा काढला.

"अगं बया, सुनंम्होरं?" रंगूबाई ओरडली. "आन् ते पांढरं रान टोचंल की तिला!"

"टोचू दे. पहारा हाय माझा."

संजीवनीनं खाली बघतच बाळ माझ्या छातीवर ठेवलं. चिमणीएवढा जीव, पण ठोका केवढा! मोठ्यानं अभंग म्हणायला नर्सबाईंची मनाई, म्हणून मनातच विठ्ठल घोळवत राहिलो.

"जेव, आन् नीज. मी हलत न्हाय," मी म्हणालो.

ती गाढ झोपली. उठून पंप लावला, तर वाटी अर्धी भरली. मग आम्ही पाळ्याच लावल्या: मी, अविराज, आणि कुरकुरत का होईना, रंगूबाई. पोरीचं वजन हळूहळू चढू लागलं.

तपासणीच्या दिवशी नर्स म्हणाली, "आईनं बाहेर थांबावं. पापण्या चिमट्यानं उघड्या धरतात, बघवत नाही."

"डोकं मीच धरणार," संजीवनी म्हणाली.

पोर किंचाळली. संजीवनीचे हात हलले नाहीत.

"रक्तवाहिन्यांची वाढ नीट चाललीय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण अजून बरीच बाकी आहे. पुढच्या आठवड्यात परत."

"म्हंजी सुटलो न्हाय?" रंगूबाईनं विचारलं.

"एवढी वाढली, तर उरलेली बी वाढवू, आत्याबाई," संजीवनी बाळाला पदराखाली घेत म्हणाली. "तेवढं दार लोटा. तिची दुधाची येळ झाली."