गळ्यातून उतरलेली पाटी

मी एक जुनी दगडी पाटी आहे. माझ्या वरच्या कोपऱ्यात एक भोक आहे. मित्रांनो, पाटीला भोक कशाला, असं तुम्हाला वाटेल. ते मी सांगणार आहे, आणि मान खाली घालून सांगणार नाही. मान खाली घालायचे माझे दिवस संपले.

फ्रान्समधल्या ब्रिटनी प्रांताच्या डोंगराळ भागातल्या एका खाणीत माझा जन्म झाला. कारागिराने शिळेला छिन्नी लावली आणि एकेका ठोक्यासरशी आम्हा अठरा बहिणींना वेगळं केलं. मग प्रत्येकीला उचलून त्याने बोटाच्या पेराने टकटक वाजवून पाहिलं. दगड अखंड असला तर खणखणतो, आत तडा असला तर बद्द बोलतो. मी घंटेसारखी वाजले. "ही बोलकी आहे," तो म्हणाला, "हिला शाळेत धाडा." माझ्या सतरा बहिणी गावच्या देवळाच्या छपरावर गेल्या. पाऊस त्यांनी झेलला, मी खडू झेलला.

सुरुवातीची वर्षं फार गोड गेली. किती चिमुकल्या हातांनी माझ्यावर बदकं काढली, बेरजा चुकवल्या, थुंकी लावून बाहीने पुसल्या! चूक पुसायला पाटीइतकं मोठं मन कुणाचं नसतं. वहीत चूक राहते, माझ्यावर राहत नाही.

पण एके दिवशी एक कडक गुरुजी आले. त्यांनी मला भोक पाडलं, दोरी ओवली आणि वर्गाला नियम सांगितला. शाळेत बोलायचं ते फ्रेंचच. जो घरची ब्रेतॉन भाषा बोलेल त्याच्या गळ्यात ही पाटी. ती उतरवायचा मार्ग एकच, दुसऱ्या कुणाला तरी ब्रेतॉन बोलताना पकडून द्यायचं. संध्याकाळी ज्याच्या गळ्यात मी असेन, त्याने मागे थांबून संडास धुवायचे.

माझ्याच देहाची मला लाज वाटू लागली. रविवारी देवळातून भजनं ऐकू यायची, सगळी ब्रेतॉनमध्ये. पाद्रीबाबांचं प्रवचनही त्याच भाषेत, गात गात, आणि अवघा गाव डोळे पुसत ऐकायचा. छपरावरून माझ्या बहिणी ऐकायच्या, शाळेच्या खिडकीतून मी. ज्याने कंठ दिला त्या देवाला जी भाषा चालत होती, ती शाळेला चालत नव्हती! सोमवारी तीच पोरं माझ्या भीतीने ओठ शिवून बसायची.

मग काळ बदलला. गुरुजी गेले, नियम विरला. कुणीतरी मला कपाटात टाकलं, आणि पन्नासएक वर्षं मी जुन्या नकाशांखाली अंधारात पडून राहिले.

मला बाहेर काढलं ते तेसिए बाईंनी. त्या दूरच्या तूर शहराकडून बदलून आलेल्या, मेहनती, मुलांसाठी जीव टाकणाऱ्या. त्या आठवड्यात वेल्सहून नेरिस नावाची वीस वर्षांची विद्यार्थिनी आली होती. एक आठवडा फ्रान्समध्ये राहायचं, फ्रेंच शिकायचं आणि आमच्या शाळेत इंग्रजी शिकवायला मदत करायची, असा तिचा अभ्यासक्रम होता. शेवटी तेसिए बाईंनी तिच्या कागदावर सही केली तरच तो आठवडा धरला जाणार, नाहीतर वर्ष वाया. आणि शुक्रवारी पालकांसमोर मुलांनी इंग्रजी बोलून दाखवायचं होतं.

मंगळवारी बाईंनी मला कपाटात पाहिलं. भोक दिसलं, दोरी दिसली, आणि त्यांना एक कल्पना सुचली.

"मुलांनो, खेळ खेळूया! इंग्रजीच्या तासाला जो फ्रेंच बोलेल त्याच्या गळ्यात ही पाटी. दुसऱ्याला पकडलंत की सुटलात. शेवटी जो उरेल त्याने ती घरी न्यायची."

मी गारठले. बाई, नको हो, असं ओरडावंसं वाटलं. पण दगडाला वाजवल्याशिवाय आवाज नसतो.

पहिल्याच तासाला आझेनोर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या पायावर बाक पडलं आणि तिच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं, अर्थात फ्रेंचमध्ये. बावीस बोटं तिच्याकडे वळली. "बाई, ही! बाई, ही बोलली!" मी तिच्या गळ्यात आले. तिने दुसऱ्या कुणालाच पकडलं नाही. शाळा सुटली तरी मी तिथेच.

नेरिस उतरली होती ती आझेनोरच्याच घरी, तिच्या आजोबांकडे. गुलवेन आजोबा कुट्टूच्या पिठाची धिरडी भाजत होते. नात दारातून आत आली आणि उलथणं त्यांच्या हातातून खाली पडलं.

"ही कुठनं आणलीस?"

"खेळ आहे, आजोबा. मी हरले."

आजोबांनी मला तिच्या गळ्यातून काढून पालथं केलं. माझ्या पाठीवर खिळ्याने ओरखडलेली एक छोटी होडी होती. त्यांनीच पोरवयात कोरलेली. मी त्या हातांना ओळखलं. अकरा दिवस सलग मी त्यांच्या गळ्यात होते, कारण शाळेत आले तेव्हा त्यांना फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता.

धिरडं करपलं. कुणी उलटलं नाही.

"बाराव्या दिवशी मी सुटलो," आजोबा म्हणाले. "माझी धाकटी बहीण सोआझिग. सहा वर्षांची. तिला बाहेर जायचं होतं, तिने ब्रेतॉनमध्ये माझ्या कानात सांगितलं. आणि मी हात वर केला. गुरुजी, ही बोलली! पोरी, मी माझ्या बहिणीला विकून ही पाटी उतरवली. पुढे माझ्या लेकराबाळांना मी आमच्या भाषेतला एक शब्द शिकवला नाही. म्हटलं, नकोच ती पीडा."

नेरिसने उठून करपलेलं धिरडं तव्यावरून उतरवलं. मग म्हणाली, "माझ्या पणजीच्या गळ्यात लाकडाची फळी होती, आजोबा. वेल्श बोलली म्हणून. शाळेला तिला इंग्रजी शिकवायची होती ना." ती कडवट हसली. "आणि बघा, आज तीच इंग्रजी शिकवायला मी आले."

आजोबांनी ताटली तिच्यापुढे सरकवली, लोण्यावर मीठ भुरभुरवलं आणि नकळत त्या मिठाचं ब्रेतॉन नाव त्यांच्या तोंडून निघालं. "होलेन."

नेरिसने चमकून पाहिलं. "आमच्या वेल्शमध्ये हालेन!"

"हां? काय सांगतेस!" म्हातारा पन्नास वर्षांनी हसला असावा. समुद्र, घर, भाकरी, वाईन, दोन्ही भाषांत सारखा वाटणारा एकेक शब्द ती दोघं टेबलावर मांडत गेली, हरवलेली भावंडं शोधावीत तशी. आझेनोर हनुवटी टेकून ऐकत होती. नेरिसचा मामा अशाच दगडाच्या खाणीत कामगार होता. झोपायला जाता जाता तिने त्याच्याकडून लागलेल्या सवयीने मला पेराने वाजवलं. मी खणखणले. "आजोबा, हिला तडा नाही!"

बुधवारी शाळा नव्हती. गुरुवारी नेरिसने मला तेसिए बाईंच्या टेबलावर ठेवलं.

"बाई, मी हा खेळ खेळणार नाही."

"का? बघा ना, आता तासाला कुणी फ्रेंच बोलत नाही."

"कुणी काहीच बोलत नाही, बाई."

बाई लाल झाल्या. "उद्या पालक येणारेत. वर्ग माझा आहे. आणि तुमच्या कागदावर सही माझी लागते, हे विसरू नका."

नेरिसचा चेहरा उतरला, हे मी पाहिलं. वर्ष वाया जायचा प्रश्न होता. पण तिने मला परत उचललं नाही. बाईंनीच उचललं, आणि नियमाप्रमाणे पुन्हा आझेनोरच्या गळ्यात घातलं.

शुक्रवारी वर्ग भरला. आया, बाप, मागच्या बाकावर रविवारचा काळा कोट घातलेले गुलवेन आजोबा. बाईंनी इंग्रजीत साधे साधे प्रश्न विचारले. तुझं नाव काय? तुझं वय किती? एकाही पोराने तोंड उघडलं नाही. बावीस जोडी डोळे माझ्यावर. मी त्या मुलीच्या छातीवर होते, तिचं काळीज माझ्यावर धडधड आपटत होतं. बाई तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारू लागल्या.

तेव्हा नेरिस पुढे आली. तिने मला आझेनोरच्या गळ्यातून काढलं आणि स्वतःच्या गळ्यात घातलं.

"आजपासून ही माझी. मुलांनो, तुम्ही बोला. चुकत बोला, मिसळून बोला, जे येईल ते बोला. चूक झाली की माझ्या खात्यावर." आणि तिने एक अख्खं वाक्य वेल्शमध्ये म्हटलं, ठसक्यात, छाती पुढे काढून.

"नेरिस, तुमचा कागद..." बाई पुटपुटल्या.

"राहू द्या तुमच्याकडेच, बाई."

मागचं बाक करकरलं. गुलवेन आजोबा उठले. काठी न टेकता ते पुढे आले.

"पोरी, दे इकडे. पाळी माझी आहे."

त्यांनी मला हातात घेतलं आणि पेराने वाजवलं. टण्ण! साऱ्या वर्गाने ऐकलं. मग त्या वर्गात, जिथे ओठ शिवले गेले होते तिथेच, त्यांनी खड्या आवाजात ब्रेतॉनमध्ये सांगितलं की माझं नाव गुलवेन, माझ्या बहिणीचं नाव सोआझिग, आणि ती बोलली यात तिची काही चूक नव्हती. पालकांमधल्या म्हाताऱ्या बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. त्यांना मी कोण ते माहीत होतं. मग बाईंना कळावं म्हणून आजोबांनी ते अकरा दिवस आणि बारावा दिवस फ्रेंचमध्येही सांगितला.

तेसिए बाई पांढऱ्या पडल्या. "हे असं होतं? मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"कारण आम्हाला इथे गप्प बसायला शिकवलं होतं, बाई," आजोबा म्हणाले. राग नव्हता त्यात. त्यांनी खिशातून भाकरी कापायचा चाकू काढला आणि माझी दोरी कापली.

तेवढ्यात आझेनोर उभी राहिली आणि इंग्रजीत म्हणाली, "हे माझे आजोबा. ते घाबरत नाहीत." दुसऱ्या वाक्यात तिने एक शब्द गाळला. कुणीही बोट दाखवलं नाही. मग शेजारचा पोरगा बोलला, मग त्याच्या मागची मुलगी, आणि पाच मिनिटांत इतका गोंगाट झाला की बाईंना टेबल बडवावं लागलं. बडवता बडवता त्या रडतही होत्या.

शनिवारी नेरिस निघाली तेव्हा बाईंनी कागद पुढे केला. शेऱ्याच्या जागी एकच शब्द होता, 'हट्टी.' खाली सही. नेरिस एवढ्या मोठ्याने हसली की अंगणातली कबुतरं उडाली.

आता मी वर्गाच्या दाराशी फळीवर उभी असते. रोज एक मूल आपल्या घरातला एक शब्द माझ्यावर लिहितं. कुणी ब्रेतॉन, कुणी पोर्तुगीज, कुणी अरबी. संध्याकाळी पुसलं जातं, सकाळी नवं येतं. माझ्या पाठीवरची होडी मात्र कुणी पुसत नाही.

मित्रांनो, तुमच्या वर्गातही कुणीतरी वेगळं बोलणारं, अडखळणारं असेल. त्याच्याकडे बोट करण्याआधी मला आठवा. पाटी हातात धरायची असते, गळ्यात घालायची नसते. माझं भोक अजून तिथेच आहे. पण उद्या कुणी दोरी घेऊन आलं, कितीही हसत, कितीही प्रेमाने, तरी सांगून ठेवते. मी दगडाची आहे. त्याच्या हातातून निसटून फरशीवर आपटून शंभर तुकडे होईन, पण पुन्हा कुणाच्या गळ्यात जाणार नाही. आणि फुटतानाही मी खणखणूनच फुटेन.