खणातल्या जॉयस्टिकची तक्रार

मित्रांनो, जुने चष्मे, संपलेले सेल आणि कुठल्याच कुलपाची नसलेली एक किल्ली, यांच्या संगतीत मी एका खणात राहते. मी जॉयस्टिक आहे, संगणकावरचं विमान चालवायचा दांडा. पूर्वी माझी जागा खणात नव्हती, वरच्या टेबलावर होती.

कारखान्यात माझ्यासारख्या हजारो झाल्या, पण माझा खरा जन्म काकांच्या हातून झाला. काका घड्याळं दुरुस्त करतात. दुसऱ्याच वर्षी माझी स्प्रिंग तुटली, तेव्हा त्यांनी मला टाकलं नाही. डोळ्याला भिंग लावून गजराच्या घड्याळातली एक बारीक स्प्रिंग माझ्या पोटात बसवली. तेव्हापासून हात सुटला की मी अलगद मध्यावर येते.

संध्याकाळी दुकान बंद करून आले की काका मला पुढ्यात घेत. काकू स्वयंपाकघरातली खुर्ची आणून शेजारी बसत. त्यांचं हृदय नाजूक, खऱ्या विमानाला डॉक्टरांची मनाई, आणि मुलगी समुद्रापलीकडे. म्हणून आम्ही तिघं रोज तिच्या गावी जायचो. मधला समुद्र काका संगणकातला वेळ भरभर पळवून दहा मिनिटांत ओलांडत.

विमान तीनशे माणसांचं, पण काकांना त्यातलं मोजकंच येई. इंजिनं आधीच सुरू असलेलं विमान निवडायचं, दिशा, उंची, वेग लावायचा, चाकं वेळेवर आत-बाहेर करायची. बाकी भार माझ्यावर.

"वरची ती शंभर बटणं कशाची हो?" काकू विचारत.

"असतील कशाची तरी. ती आपल्या वाटेला जात नाहीत, आपण त्यांच्या वाटेला जायचं नाही."

धावपट्टी दिसली की काकू म्हणत, "सावकाश हं, मागे माणसं आहेत." मग मुलीला फोन, "आत्ताच उतरलो गं." गाणाऱ्याला सगळे सूर ओळखता आले नाहीत, तरी देव त्याचं गाणं ऐकतोच. आमचं उडणंही त्याने पाहिलं असेल.

एकदा काकांनी संगणकावर विमान उडवणाऱ्या हौशी मंडळींना चहाला बोलावलं. काकू कौतुकाने म्हणाल्या, "आम्ही कालच मुलीकडे जाऊन आलो."

त्यांच्यातल्या एकाला सगळे कॅप्टन म्हणत. त्याने विचारलं, "वा. मग काका, हायड्रॉलिकचा एक पंप बंद पडला तर काय करता?"

काका पडद्यावरच्या त्या शंभर बटणांकडे पाहू लागले, तसा कॅप्टन म्हणाला,

"म्हणजे उभ्या बसमध्ये बसून स्टिअरिंग फिरवणं झालं की."

सगळे हसले. मला वाटलं, काका सांगतील, आम्ही रोज सुखरूप उतरतो. पण त्यांनी मला कोपऱ्यात सरकवलं आणि तेही हसले. "छे हो, ते आपलं खेळणं होतं. हिला विरंगुळा म्हणून. आता नीट शिकणार आहे."

काकू चहाचा ट्रे हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मित्रांनो, माझ्या पोटात काकांनीच बसवलेली स्प्रिंग होती, आणि त्यांनीच मला खेळणं म्हटलं.

आठवड्याभरात नवं, जड सुकाणू आलं, सोबत आठशे पानांचं पुस्तक. मी खणात गेले.

"आज निघायचं ना?" वरून काकूंचा आवाज आला.

"थांब गं, इंधनाचं प्रकरण बाकी आहे."

मग विजेचं निघालं, मग हवेच्या दाबाचं. विमान जागचं हललं नाही. काकूंनी विचारणं सोडलं. एका संध्याकाळी खुर्चीचे पाय फरशीवर घासत स्वयंपाकघराकडे गेले, आणि पाठोपाठ फोनवरचं बोलणं कानावर आलं, "नाही गं, हल्ली येत नाही आम्ही. बाबांचा अभ्यास चालू आहे."

शिकणं वाईट नाही. त्या शंभर बटणांशी माझं वैरही नाही. पण काका घड्याळ उघडतात ते पुन्हा चालू करून माणसाच्या हातात देतात. हे विमान मात्र त्यांनी नुसतंच उघडून ठेवलं, आणि त्यातली एकुलती एक प्रवासी उतरून गेली.

तुमच्याही खणात असं कुणी असेल, ज्याच्याबरोबर तुम्ही खूप दूर जाऊन आलात, तर चार माणसांत त्याला आपलं म्हणा. हसू देत हसणाऱ्यांना.

आणि कधी माझा खण उघडलाच, तर आधी ती खुर्ची परत आणा. मी मध्यावरच आहे.