टोपी उडवणाऱ्या गोळ्या

माझी धाकटी जाऊ कामाला वाघ, पण तोंडाची फटकळ. मी झोपेत कशी घोरते याची नक्कल तिने गेल्या आठवड्यात पाहुण्यांसमोर केली आणि तेव्हापासून आमचा अबोला. घरात तो कसाबसा निभावला असता. पण औषधाच्या कारखान्यातही आम्ही शेजारीच! ती पावडरी मिसळणार, मी त्या यंत्रात दाबून गोळ्या पाडणार.

आठवडाभर गोळ्यांनी छळ मांडला होता. दाबून बाहेर आली की गोळीचा वरचा पापुद्रा टोपीसारखा उडायचा. पक्क्या झाल्यात का म्हणून फिरत्या डब्यात घोळवून बघावं, तर निम्म्यांचा भुगा. मी दाब वाढवला, कमी केला, साचे बदलले, पण मेल्या ऐकतील तर शपथ. खोट मिसळण्यातच आहे, असं साहेबांनी ठरवून टाकलं. आजचाही माल वाया गेला तर जाऊला कायम करणार नाही म्हणाले. त्या नोकरीसाठी बिचारी वर्षभर मान मोडून राबली होती.

म्हणून आज मी काचेतून तिच्यावर नजर ठेवली. गोळी साच्याला चिकटू नये म्हणून सगळ्यात शेवटी एक गुळगुळीत भुकटी घालतात. ती तिने अगदी बेतानं घातली आणि पिंप फिरवायला लावलं. थोडा वेळ फिरवलं की पुरे. जास्त घोळली तर ती भुकटी कणाकणाला माखते, मग कण एकमेकांना धरत नाहीत. वेळ झाली, तरी पिंप आपलं गरगरतंच आहे. बाईसाहेब हाताची घडी घालून माझ्याकडे बघत उभ्या.

मी दार ढकलून आत गेले. "अगं, बंद कर ते. कुणाची वाट बघतेस?"

तिने झटकन बटण दाबलं. "तुमचीच, ताई. रोज तुम्ही हाक मारून माल मागायचात, तेव्हा मी थांबवायची. आणि आता तुम्ही तर बोलतच नाही."

मी कपाळावर हात मारला.

त्या मालाच्या गोळ्या डब्यात आपटल्या, घोळल्या, तरी एकीचीही टोपी उडाली नाही. साहेबांनी विचारलं, काय बदललं? मी खरं ते सांगून टाकलं. ते पोट धरून हसले आणि जाऊला तिथल्या तिथे कायम केलं. तिने माझ्या गळ्यात पडून रडून घेतलं, मीही मागे राहिले नाही.

आता मी दिवसभर "झालं का गं?" म्हणून ओरडत असते, आणि ती तिकडून "आणते हो, ताई" म्हणते.