साडूच्या मापाचा चाकू

“बजरंगराव, तुमचा तो फॉरेनचा काढा बरं,” शेषेराव म्हणाले, आणि भागवतरावांचा खिशात गेलेला हात खिशातच राहिला.

येळवशीची, म्हणजे वेळ अमावस्येची, जेवणं नुकतीच आटोपली होती. कडब्याच्या कोपीतली पूजा झाली होती, शेतातल्या भाज्यांची भज्जी आणि आंबील पोटात गेली होती, आणि औशाजवळच्या त्या शेतात सगळी सासरची माणसं लिंबाच्या सावलीत घोंगडीवर पसरली होती. दरवर्षी या वेळी सासरे, म्हणजे शेषेराव, विहिरीवरच्या झाडाचे पेरू परातीत आणून ठेवत आणि थोरल्या जावयाकडे बघत म्हणत, “भागवतराव, काढा तुमची तलवार.” तलवार म्हणजे पितळी मुठीचा, मिटला तर करंगळीएवढा, घडीचा चाकू. भागवतराव लातूरच्या एका डाळमिलमध्ये माल उतरवून घ्यायच्या कामावर होते. पोत्यांची सुतळी कापायला तो दिवसभर त्यांच्या शर्टाच्या खिशात असायचा.

शेषेराव मुळात बोलणारे नव्हतेच. लग्न झाल्यापासून जावयाला त्यांनी ना कधी कुठला सल्ला दिला, ना कधी तब्येत विचारली. वर्षातून एकदा येणारं ते एक वाक्य काय ते भागवतरावांच्या हक्काचं होतं. वडील लहानपणीच गेलेल्या माणसाला असल्या एका वाक्यावर वर्ष काढता येतं. आणि यंदा ते धाकट्या जावयाकडे गेलं.

बजरंगराव नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. त्यांच्या कुठल्याशा विद्यार्थ्यानं जर्मनीहून येताना लाल मुठीचा चाकू आणला होता. त्यांनी पेरूच्या इतक्या पातळ फोडी केल्या की पोरांनी टाळ्या वाजवल्या. मग मुठीतून एक इवलासा चिमटा निघाला आणि त्यानं सासूबाईंच्या, केवळाबाईंच्या बोटातला बोरीचा काटा काढला. त्यावर तर सगळं शिवार कौतुकानं भरून गेलं. भागवतरावांच्या बोटाला काटा रुतला नव्हता, पण रुतला तो त्यांनाच.

“बघू हो साडूभाऊ,” ते शक्य तितक्या थंड आवाजात म्हणाले.

बजरंगरावांनी चाकू पुढे केला तशी केवळाबाई ओरडल्या, “हातात देऊ नगा. खाली ठिवा, मंग ते उचलतील. साडू-साडूत भांडण लागंल उगं.”

बजरंगरावांनी हसत चाकू घोंगडीवर ठेवला. भागवतरावांनी उचलला, वजन बघितल्यासारखं केलं आणि हळूच तळहातावर उभा धरून मापून घेतला. मिटलेला चाकू त्यांच्या मधल्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत आला. ते पेर त्यांनी डोक्यात पक्कं करून टाकलं.

“छान हाय,” म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. त्यांना मिळालेली पेरूची फोड गोड होती, याचाही त्यांना राग आला.

लातूरच्या घरी परत आल्यावर बायकोनं, आरतीनं, दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी चहा देताना ती म्हणाली, “तोंड इतकं पाडून का बसलाव? चाकूच तर हाय.”

“मी कुठं काय म्हटलं?”

“म्हणायची गरजच न्हाई. सकाळपासून तीनदा हात मोजलाव तुमी.”

तिचं खरं होतं. मनात आता एकच गणित चाललं होतं. आपला चाकू बजरंगरावांच्या चाकूपेक्षा एक पेर मोठा पाहिजे. नाही, दोन पेरं. लातूरच्या दुकानांत मनासारखं काही मिळालं नाही, म्हणून नात्यातल्या एका लग्नासाठी नांदेडला गेले तेव्हा अक्षता पडल्याबरोबर ते मांडवातून निसटले आणि गुरुद्वाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका दुकानात शिरले. काचेखाली निळ्या मखमलीवर चाकू मांडलेले होते. दुकानदार दाढीला रंग लावलेला, निवांत माणूस होता.

“रोज खिशात ठेवायचा का घरात?” त्यानं पहिलाच प्रश्न केला.

“रोज. भारीतला दाखवा.”

“काम काय पडतं तुमाला?”

“पोत्याची सुतळी. अन् पेरू.”

दुकानदारानं तीन चाकू पुढे ठेवले, लहान, मधला आणि मोठा. “मूठ वळा साहेब. चारी बोटं मुठीवर मावली अन् अंगठ्याला वर जागा राहिली, की समजा माप तुमचं. मिटल्यावर खिशात उभा राहिला पायजे अन् बसल्यावर टोचू नये. बस, एवढंच बगायचं.”

भागवतरावांनी मधला उचलला. चार बोटं बसली, अंगठ्याला जागा राहिली. जणू त्यांच्याच हातासाठी कुणी घडवला होता. मग त्यांनी तो मिटून तळहातावर उभा धरला. नेमका त्याच पेरापर्यंत आला.

“यापेक्षा मोठा,” ते म्हणाले.

“हात तर मधल्याचाच हाय तुमचा.”

“मोठा दाखवा.”

मोठ्याची मूठ काळ्या शिसवी लाकडाची होती, पातं चांगलं रुंद. पात्याच्या बुडाशी एक बारीक बटण होतं. दुकानदारानं एका हातात चाकू धरून अंगठ्यानं ते नुसतं सरकवलं, तसं पातं खट् करून उघडलं आणि जागच्या जागी अडकलं. दुसरा हात लागलाच नाही. बजरंगरावांना त्यांचा चाकू नखानं उकरावा लागायचा. त्या खट् आवाजात भागवतराव विकले गेले. किंमत ऐकून त्यांनी दोनदा पाकीट चाचपलं, पण हौसेला मोल नसतं, आणि जळणाऱ्याच्या हौसेला तर नाहीच नाही.

दुकानदार चाकू डबीत घालत म्हणाला, “कुणाच्या मापानं घ्यायलाव, ते काय मी इचारत न्हाई.”

पहिला फटका मोटरसायकलवर बसला. मिटलेला चाकू पँटच्या खिशात आडवा झाला की मांडीत रुतायचा आणि उभा केला की खिशातून बाहेर डोकवायचा. शर्टाच्या खिशात ठेवला तर खिसाच एका बाजूला ओढला जाऊन शिवण उसवली. आरतीनं ती शिवता शिवता म्हटलं, “अंगापेक्षा बोंगा मोठा,” आणि दोरा दातानं तोडला. मिलमध्ये तर शोभाच झाली. तुरीचं पोतं उघडताना सुतळीबरोबर पोतंही वीतभर फाटलं आणि तूर शेठच्या पायांवर सांडली. शेठ म्हणाले, “भागवत, बकरं कापायलाव का?” हमाल दिवसभर हसत होते.

तेव्हापासून सुतळीला पुन्हा तलवारच आली. मोठा चाकू मात्र त्यांनी सोडला नाही. मांडी दुखली तरी तो रोज खिशात असायचा, आणि जेवणाच्या सुट्टीत गोदामामागं जाऊन ते एका हातानं उघडायचा सराव करायचे. खट्, मिट, खट्. डोळ्यांपुढं पुढची येळवस असायची. शेषेराव म्हणतील, “बजरंगराव, काढा,” आणि साडू नखानं उकरत बसतील, तोवर इकडं खट्.

पण दिवाळीच्या आधीच शेषेरावांना लकवा मारला. डावं अंग गेलं. लातूरच्या दवाखान्यात रात्रंदिवस भागवतराव होते. कूस बदलायला, लघवीला न्यायला, डॉक्टरांच्या मागं पळायला तेच होते. बजरंगराव रविवारी गाडी घेऊन यायचे, फळं आणायचे, डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायचे. म्हातारबाची जीभ थोडी वळायला लागली तसं एक दिवस त्यांनी काहीतरी विचारलं. भागवतरावांनी कान तोंडाजवळ नेला.

“बजरंगराव आले का?”

“रविवारी येतील, मामा,” भागवतराव म्हणाले, आणि बाहेर येऊन व्हरांड्यात उभे राहिले. आजारी माणसाचा राग करू नये हे त्यांना कळत होतं. म्हणून त्यांनी तो सगळा बजरंगरावांवर काढला, मनातल्या मनात.

येळवशीला म्हाताऱ्यानं हट्ट धरला. शेतात जायचंच. त्यांना उचलून लिंबाखाली घोंगडीवर बसवलं, पाठीला गाद्यांचा टेका दिला. त्यांची मान डावीकडं वळत नव्हती. डाव्या बाजूला तोल जाऊ नये म्हणून भागवतराव त्यांच्या डाव्या खांद्याला खांदा लावून थोडे मागं बसले. उजव्या बाजूला, त्यांना दिसतील असे, बजरंगराव बसले. केवळाबाई त्यांना आंबील भरवायला लागल्या तेव्हा दोन घोट घेऊन म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. सगळ्या जन्मात त्या माणसानं दुसऱ्याच्या हातानं खाल्लं नव्हतं.

जेवणं झाली. परातीत पेरू आले. पोरं बजरंगरावांकडं बघायला लागली. भागवतरावांचा हात खिशात गेला. खिशातल्या खिशात अंगठा बटणावर टेकला. वर्षभर या घटकेसाठी मांडी दुखवून घेतली होती त्यांनी.

“मला द्या,” शेषेराव म्हणाले. “मी कापतो.”

बजरंगरावांनी लाल चाकू घोंगडीवर ठेवला. म्हाताऱ्यानं उजव्या हातानं उचलला. पातं नखानं उकरायचं तर दुसऱ्या हातानं मूठ धरावी लागते. त्यांनी गुडघ्यात धरून पाहिला, मग दातात धरला. केवळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला. “थांबा मामा,” म्हणत बजरंगरावांनी घाईनं चाकू घेऊन उघडून परत ठेवला. पण कुळव-नांगर धरलेला तो पंजा, त्यात ती बारीक मूठ कुठं हरवली कळेना. पातं पेरूत थोडं शिरलं, पेरू गरकन फिरला आणि चाकू निसटून मातीत पडला.

शेषेरावांनी तो उचलला नाही. ते विहिरीकडं बघत बसले.

खट् करायची हीच वेळ होती. सगळे बघत होते. भागवतरावांनी चाकू बाहेर काढला, आणि त्यांची नजर म्हाताऱ्याच्या त्या रिकाम्या, उघड्या पडलेल्या पंज्यावर गेली. चार बोटं, अंगठ्याला वर जागा. नांदेडचा दुकानदार म्हणाला होता तेच माप होतं, मोठ्या चाकूचं.

त्यांनी चाकू उघडला नाही. मिटलेलाच, म्हाताऱ्याच्या पाठीमागून हात लांब करून, उजव्या मांडीपाशी घोंगडीवर ठेवला. धारेची वस्तू हातात देऊ नये. मग हात मागं घेतला.

शेषेरावांना मांडीला काहीतरी लागलं. त्यांनी उचललं. मूठ पंज्यात गच्च बसली. अंगठा चाचपडत बटणावर आला, एकदा घसरला, पुन्हा आला.

खट्.

पेरू परातीच्या कडेला जाऊन टेकला होता. म्हाताऱ्यानं ते रुंद पातं वर टेकवून नुसतं दाबलं. पेरूचे दोन तुकडे झाले. दुसऱ्या हाताची गरजच पडली नाही. मग त्या दोनाचे चार. शेषेरावांच्या अर्ध्या चेहऱ्यावर हसू आलं, उरलेल्या अर्ध्यावर येत नव्हतं.

त्यांनी उजवीकडं बघितलं. “बजरंगराव, ह्यो बेस आणलाव. माझ्या हाताचं माप कसं वळखलं तुमी?”

भागवतरावांनी मागून टेकवलेला खांदा हलू दिला नाही.

बजरंगराव गोंधळले. “मामा, तो माझा न्हाई, तो भाऊंनी...”

“खाऊ द्या त्यांना,” भागवतराव मागून म्हणाले. आवाज थोडा मोठाच निघाला. आरतीनं तोंड उघडलं होतं, तिच्याकडं त्यांनी असं बघितलं की तिनं मिटलं. “मामा, मीठ लावून खा. आरती, मीठ दे.”

सांगायचं ते सांगता आलं असतं. एक वाक्याचं काम होतं. पण मग म्हाताऱ्याला मान वळवायला लागली असती, आणि ती वळली नसती. आपल्याला डावीकडचं माणूसही दिसत नाही, हे त्यांना भर शिवारात सगळ्यांदेखत कळलं असतं. अर्ध्या चेहऱ्यावरचं हसूही गेलं असतं. म्हणून भागवतरावांनी गिळलं, पण ते गोड लागलं असं कुणी समजू नये.

शेषेरावांनी पहिली फोड बजरंगरावांना दिली. बजरंगरावांनी ती खाली मान घालून घेतली. दुसरी त्यांनी खांद्यावरून मागं केली, न बघता. भागवतरावांनी ती घेतली आणि दोन्ही फोडी नजरेनं मापल्या. बजरंगरावांची पेरभर मोठी होती.

म्हाताऱ्यानं पातं धोतराला पुसलं, बटण मागं ओढून मांडीवर दाबून मिटलं आणि चाकू बंडीच्या खिशात टाकला. बंडीचा खिसा खोल होता, चाकू आत उभा राहिला. तो आता परत मागायचा नव्हता, हे भागवतरावांना कळलं. मांडीवरची दुखरी जागा त्यांनी उगीच चोळली.

परातीत अजून पुष्कळ पेरू होते. शेषेराव दमले होते. डोळे मिटून टेक्याला रेलत ते म्हणाले, “भागवतराव.”

“काय मामा?”

“पोरं ताटकळलीत की. काढा तुमची तलवार.”

भागवतरावांनी शर्टाच्या खिशातून ती काढली. पितळी मूठ गुळगुळीत झाली होती. नखाची खाच झिजून गेली होती, पातं लवकर निघेना. ते दोन्ही हातांनी, खाली मान घालून, उघडत राहिले.