ताकदीचा डबा

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्यानं ऊस तोडायचा, तिनं मोळ्या बांधायच्या. एकटा गडी म्हणजे अर्धा कोयता. दसऱ्याला बाळंत झालेली मनिषा दिंद्रुडजवळच्या गावी सासूपाशी राहिली आणि तिचा नवरा गहिनीनाथ त्या साली अर्धा कोयता होऊन कारखान्यावर गेला.

मार्गशीर्षात मुकादम सटवा आणखी माणसं न्यायला गावात आला. त्यानं पिशवीतून गहिनीनाथानं पाठवलेला ताकदीच्या पुडीचा चकचकीत डबा काढून मनिषाला दिला. झाकणावर कोयत्याच्या टोकानं 'मनिषा' असं कोरलेलं होतं. अक्षरं इतकी वेडीवाकडी की तिला हसू आलं, आणि लगेच डोळे भरले.

"बाजारात नवं आलंय. टीव्हीत बी दाखवत्यात," सटवा म्हणाला. "गहिनी म्हणला, रोज एक चमचा दुधातनं घे. ताकद आली की माझ्या गाडीत बसायचं. पंधरा दिवसांनी निघणार हाय."

"त्यांचं कसं चाललंय, भाऊ?"

"तोडतो बी तोच, बांधतो बी तोच. भाकरी करपवतो आन् म्हणतो, लई झकास झाली."

त्या दिवशी भाकरी थापताना मनिषाला त्याची करपलेली भाकरी आठवत राहिली. मग तिनं आपला हिशोब मांडला. एका चमच्यानं पंधरा दिवसांत ताकद येत असेल, तर तीन चमच्यांनी पाच दिवसांत यायला हवी. ती सासूच्या माघारी तीन-तीन चमचे घेऊ लागली. अंगात तरतरी आली. ती अंगणात कडब्याच्या पेंढ्या बांधून बघायची. हात पुन्हा मोळीला सरावत होते.

पण चौथ्या दिवसापासून लहानगी स्वप्नाली झोपेना. अंगावर घेतली की दोन घोट प्यायची आणि मुठी आवळून रडायची. डोळे टक्क उघडे. सासूनं, दगडाबाईनं, मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढली. पोरगी रडतच राहिली. शेवटी दोघी तिला घेऊन आरोग्य उपकेंद्रात शिवम्मा सिस्टरांकडे गेल्या.

सिस्टरांनी पोरीचं पोट दाबून पाहिलं, ताप पाहिला. "ह्या आठवड्यात नवं काय खाल्लंस गं?"

"काय न्हाई."

"कावून लपवतीस?" दगडाबाई म्हणाली. "डबा काढ की. काखेत घेऊनच हिंडतीस त्याला."

मनिषानं पदराखालून डबा काढला. सिस्टरांनी चष्मा लावून त्यावरचं इंग्रजी वाचलं.

"स्फूर्ती देणाऱ्या वनस्पती, एवढंच लिहिलंय. कोणत्या, किती, काय पत्ता न्हाई. आन् हितं बारीक अक्षरात हाय बघ, अंगावर पाजणाऱ्या आईनं डॉक्टरला विचारल्याबिगर घेऊ नये. किती घेत होतीस?"

मनिषानं खाली मान घालून तीन बोटं दाखवली.

"अगं, आई खाती त्यातलं थोडं दुधातनं लेकराकडं जातं. तुला त्यानं तरतरी येत असंल, पर हिच्या एवढुशा जिवाला ते लई झालं असंल."

"म्हंजी माझं दूध इखारी झालं, सिस्टर?"

"न्हाई गं येडे! पाजायचं सोडू नको, डबा सोड. ह्या लोहाच्या गोळ्या घे, बाळंतिणीला देतोच आमी. डाळ-भाकरी पोटभर खा. दोन दिवसांत फरक पडला न्हाई, न्हाईतर पिईना झाली, तर लगेच तालुक्याच्या डॉक्टरकडं न्यायची."

"आन् ताकद कवा यील?"

"यील सावकाश. एवढी घाई कुठं जायची?"

मनिषा झाकणावरच्या नावावरून बोट फिरवत राहिली. मग हळूच म्हणाली, "त्यांच्याकडं."

सिस्टरांनी अडीच महिन्यांच्या पोरीचं टोपडं नीट कानांवर ओढलं.

दुसऱ्या दिवशी स्वप्नाली पिता पिताच झोपली. पायाला मुंग्या आल्या तरी मनिषा जागची हलली नाही.

पूड तिनं उकिरड्यात पुरली. डबा राखेनं घासला, झाकण मात्र हलक्या हातानं. सटवाची गाडी निघायच्या दिवशी तोच डबा तिनं त्याच्या हाती दिला. आत तिळाचे लाडू होते, वर स्वप्नालीचा काळा करदोडा. झाकणावर तिच्या नावाखाली खिळ्यानं 'गहिनीनाथ' असं कोरलं होतं.

"आन् तू गं?" सटवानं विचारलं. "तो फडातनं वाटेकडं बघत बसंल की."

"त्यांना म्हणावं, औंदा अर्ध्याच कोयत्यावर भागवा." तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आन् तो करदोडा दाखवा. म्हणावं, हिला आता पुरत न्हाई."