ओडेलाबाईंनी सांगितलेली घोडी

मित्रांनो, मी एक दुर्बीण आहे. वय विचाराल तर साठीच्या पुढचे. माझा जन्म जपानमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे भिंगे घासणाऱ्या बायका तोंडाला फडके बांधून बसत, कारण श्वासाची वाफसुद्धा आम्हाला सोसत नसे. माझ्या पोटात काचेचे चार लोलक आहेत. ते नेमके एका रेषेत बसवायला एका म्हाताऱ्या कारागिराचा अख्खा दिवस गेला. काम झाल्यावर त्याने मला खिडकीतून समोरच्या डोंगरावर रोखले, मान डोलावली आणि डब्यात ठेवले. त्याची माझी ओळख तेवढीच.

पुढे मी बोटीने अमेरिकेला आले आणि केंटकीतल्या लेक्सिंग्टन गावी एका दुकानाच्या काचेत बसले. तिथून मला ओडेला प्रॅदर यांनी नेले. तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या आणि रेसच्या मैदानावर त्यांना नुकतीच नोकरी लागली होती. तबेल्याच्या कामात मोठी झालेली मुलगी, पण ही नोकरी त्या मैदानावर तोवर कोणा बाईने केली नव्हती.

काम असे होते. शर्यती दुपारी होतात, पण घोड्यांचा सराव पहाटे होतो. कोणता घोडा किती फर्लांग किती वेळात धावला, ते टिपून वर्तमानपत्राला कळवायचे. लोक ते वाचून दुपारी पैसे लावत. ओडेलाबाई अंधार असतानाच लाकडी मचाणावर चढत. डाव्या हातात मी, उजव्या हातात घड्याळ. थंडीत माझ्या काचांवर दव बसे, ते त्या स्वेटरच्या बाहीने नव्हे तर खिशातल्या मऊ कापडाने पुसत.

काही प्रशिक्षक फार चलाख असत. चांगल्या घोड्याची बातमी फुटू नये म्हणून ते त्याला उजाडायच्या आत, दुसऱ्याच्या खोगिराखालचे कापड घालून आणत. पण ओडेलाबाई घोडा चालीवरून ओळखत. "हा उजवा पाय बाहेर फेकतोय. हा तो नव्हे, त्याचा भाऊ," असे पुटपुटून त्या खरे नाव लिहीत. एका प्रशिक्षकाने एकदा घरी डुकराची अख्खी खारवलेली तंगडी पाठवली आणि आपल्या घोड्याची वेळ खरीपेक्षा जरा जास्त लिहा असे सुचवले. बाईंनी ती तंगडी दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच्या तबेल्याच्या दारावर टांगून ठेवली. सबंध तबेल्यात त्याचे हसे झाले. त्यांचे सोबती लेम्युएल टॅकेट शेजारीच घड्याळ घेऊन बसत. ते म्हणायचे, "ओडेला, देवाचं घड्याळ मागं पडेल, तुझं नाही पडणार." हे ऐकताना मलाही अभिमान वाटे. घड्याळ घोड्याची वेळ सांगत होते, पण घोडा कोणता ते तर मीच दाखवत होते.

वेळा टिपणाऱ्याने पैसे लावायचे नाहीत, असा नियम होता. पुष्कळ जण तो चोरून मोडत. बाईंनी चाळीस वर्षांत एक तिकीट घेतले नाही, की घरात घोड्याचे नाव काढले नाही. त्यांचे यजमान लवकर गेले. दोन मुले त्यांनी त्याच पगारावर वाढवली. थोरली मेबेथ, धाकटा रॉयस. रॉयस सोळा वर्षांचा असताना एकदा स्वयंपाकघरात आईला म्हणाला होता, "एकच नाव सांग, आई. आपलं छप्पर गळतंय आणि तुला सगळं माहीत आहे." बाईंनी छपराखाली बादली ठेवली, पण नाव सांगितले नाही. ती गोष्ट रॉयसच्या मनात कायमची रुतून बसली.

मुले मोठी झाली आणि गाव सोडून गेली. रॉयस ओहायोत ट्रॅक्टरचे सुटे भाग विकतो. मेबेथ इंडियानात एका दातांच्या डॉक्टरकडे कामाला आहे. दरवर्षी एप्रिलमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, शर्यतींच्या दिवसांत, दोघे शुक्रवारी संध्याकाळी येत आणि सोमवारी सकाळी जात. सगळ्या गल्लीला बाई सांगत, मुले मला भेटायला आली आहेत. मित्रांनो, मी त्यांच्या गळ्यात असायची, त्यामुळे मला ठाऊक आहे. भेट न्याहारीपुरती. दहा वाजले की दोघे मैदानावर, ते थेट संध्याकाळी परत. पण बाईही त्यांच्याबरोबर जात, म्हणून ते तितके बोचत नसे. कठड्याशी उभ्या राहून त्या मला डोळ्यांना लावत आणि मुले तिकिटांच्या रांगेत असत. नोकरी सुटल्यावरही त्या पहाटे कुंपणापाशी सराव बघायला जात. पैसे मात्र तेव्हाही लावले नाहीत.

मग एका हिवाळ्यात बाई पायरीवर घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर त्या चार पायांची लोखंडी चौकट धरून घरातल्या घरात चालू लागल्या. एप्रिल आला, मुले आली. बाईंनी शुक्रवारी रात्रीच निळा कोट इस्त्री करून खुर्चीवर टाकला होता. शनिवारी सकाळी रॉयसने तो पाहिला आणि म्हणाला, "आई, तिथं तुला चाकाच्या खुर्चीतून न्यायचं काही जमायचं नाही. गाडी लांब लावावी लागते, गवतात चाकं रुततात. तू घरी आराम कर. आम्ही येतोच की." मेबेथ बशा विसळत होती. तिने नळ जरा मोठा केला. बाईंनी कोट परत कपाटात टांगला.

शनिवारी रॉयस सगळे हरून आला. त्या रात्री पाऊस पडला. रविवारी न्याहारीला बाईंनी स्वतः उभे राहून लोणी घातलेल्या, पावासारख्या मऊ बिस्किटांचे ताट भरले, रश्श्याचे भांडे ठेवले, आणि मग जे चाळीस वर्षांत केले नव्हते ते केले.

"सातव्या शर्यतीत थिम्बल नावाची घोडी आहे," त्या म्हणाल्या. "हिरवळीवर धावणार आहे. मी तिला मागच्या वर्षी ओल्या गवतावर बघितलंय. कोरड्यावर ती काहीच करत नाही, म्हणून कोणी तिला विचारत नाही. आज पाऊस झालाय." मग एप्रनच्या खिशातून वीस डॉलरची, घड्या पडलेली जुनी नोट काढून त्यांनी रॉयसपुढे ठेवली. "ही तिच्यावर. पहिली येण्यावरच लाव, दुसरी-तिसरी नको. आणि ही दुर्बीण घेऊन जा. शेवटच्या वळणावर बाहेरून येईल, तिथं बघ."

रॉयस आईकडे बघतच राहिला. मग हसला. त्याचे ते हसणे चांगले नव्हते, पण बाई त्या वेळी माझा पट्टा सारखा करत होत्या.

अशी मी पहिल्यांदाच बाईंना सोडून मैदानावर गेले. सातव्या शर्यतीपर्यंत रॉयसच्या खिशात मोजकेच उरले होते. फळ्यावर थिम्बलचा भाव एकाला एकतीस होता. एक दांडगा तपकिरी घोडा सगळ्यांचा लाडका होता, त्याला एकाला दोन. रॉयसने आईची नोट आपल्या नोटांत मिसळली आणि म्हणाला, सगळे तपकिरीवर लावतो.

"ते आईचे आहेत," मेबेथ म्हणाली.

"आईनं जन्मात एक तिकीट काढलंय का? बघणं वेगळं आणि लावणं वेगळं, मेबेथ. ऐंशी वर्षांची आहे ती. गेल्या वर्षीचं गवत घेऊन बसलीय."

मेबेथने पुढे काही म्हटले असते तर? पण तिने फक्त हातातला पेला फिरवला. रॉयस खिडकीवर गेला आणि एकच तिकीट घेऊन आला.

घोडे सुटले. रॉयसने मला डोळ्यांना लावले आणि तपकिरीवर खिळवून ठेवले. तो पुढे होता. पण शेवटच्या वळणावर माझ्या कडेला काही हलले. बाहेरच्या बाजूने, चिखल उडवत, एक लहानखुरी करडी घोडी एकेक घोडा मागे टाकत आली, अगदी बाईंनी सांगितले होते तशी. रॉयसने मला हलवले नाही. तिला मी भिंगाच्या काठावरच पाहिले, आणि मग ती सगळ्यांच्या पुढे निघून गेली. थिम्बल दोन घोड्यांच्या अंतराने जिंकली.

रॉयसने मला लोखंडी कठड्यावर आपटले. एकदा नाही, दोनदा. माझ्या पोटात कुठेतरी खट् असा आवाज झाला आणि एक लोलक जागचा हलला. त्या जपानी म्हाताऱ्याने दिवसभर बसवलेला.

परतताना गाडीत मेबेथ म्हणाली, आपण सांगून टाकू. रॉयस म्हणाला, "सांगून काय? सहाशेच्या वर डॉलर मी कुठून आणू? आणि तिला सांगू की तू बरोबर होतीस, आणि आम्ही तुझं ऐकलं नाही?" पेट्रोल पंपावर थांबून त्याने पैशांच्या यंत्रातून वीसची एक करकरीत नोट काढली. मला त्याने डब्यात घातले, पण झाकण पुरते बसले नाही, फटीतून मला दिसत होते.

घरी बाई खिडकीशी बसल्या होत्या. एरवी फडताळावर असणारा छोटा रेडिओ त्यांच्या मांडीजवळच्या तिवईवर होता. रॉयसने तो पाहिला नाही. त्याने नोट पुढे केली आणि म्हणाला, "आई, तुझी घोडी पळालीच नाही. पाय दुखत होता म्हणे, आयत्या वेळी काढून घेतली. हे तुझे पैसे."

बाईंनी नोट घेतली. तिची घडी नव्हती, सुरकुती नव्हती. त्यांनी ती बराच वेळ बोटांत धरली. मग मुलीकडे पाहिले. मेबेथ कोट काढत होती आणि तिची बाही अडकली होती.

"बरं झालं," बाई म्हणाल्या. "पाय दुखत असताना पळवू नये. चला, जेवायला बसा."

सोमवारी मुले गेली. बाईंनी मला डब्यातून काढले, खिडकीतून समोरच्या रस्त्यावरच्या टपालपेटीवर रोखले आणि लगेच खाली ठेवले. पुन्हा लावले. त्यांना दोन टपालपेट्या दिसल्या. मी केवढा प्रयत्न केला, पण मला एक करता येईना. मग त्यांनी लेम्युएलना फोन लावला. मी त्यांच्या मांडीवर होते, म्हणून सगळे ऐकले.

"रेडिओवर ऐकली मी शर्यत," त्या म्हणाल्या. "ते पैसे मला कुठं हवे होते, लेम्युएल? त्यांनाच द्यायचे होते. मला नुसतं ऐकायचं होतं, की आई, तुझी घोडी आली." लेम्युएलनी दुर्बीण दुरुस्त करणाऱ्याचा पत्ता दिला. बाईंनी तो लिहून घेतला नाही.

ऑक्टोबरमध्ये, शुक्रवारी, रॉयसचा फोन आला. या वेळी ते गावाबाहेरच्या हॉटेलात उतरणार होते, बाईंना त्रास नको म्हणून. रविवारी जेवायला मात्र नक्की येणार होते. मग तो म्हणाला, "आई, एखादं नाव असेल तर सांग. मागच्या वेळी तुझी घोडी पळाली नाही, नाहीतर मी लावणारच होतो."

बाईंनी एका घोड्याचे नाव सांगितले. त्याच सकाळी लेम्युएलनी त्यांना सांगितले होते की त्या घोड्याचा दम सरावात अर्ध्यातच तुटतो. "भरपूर लाव," बाई म्हणाल्या, आणि फोन ठेवला. त्यांचा हात नंतर बराच वेळ फोनवरच होता.

रविवारी त्यांनी मोठ्या पातेल्यात तीन तऱ्हेचे मांस आणि भाज्या घालून बर्गू नावाचा घट्ट रस्सा रटरटत ठेवला. रेडिओ लावला. तो घोडा शेवटून दुसरा आला. बाई हसल्या नाहीत. पाच वाजले, सहा वाजले. सातला मेबेथचा फोन आला. रॉयसचे डोके फिरले आहे, आम्ही इकडून परस्पर निघतो, असे ती म्हणाली. बाईंनी पातेल्याखालचा जाळ बंद केला.

"शुक्रवारी मी पहिल्यांदा खोटं सांगितलं," त्या रात्री त्या लेम्युएलना म्हणाल्या. "आणि तेही माझ्याच पोराला." पलीकडून ते इतके हळू बोलले की मला काही कळले नाही.

त्यानंतर मुले आली नाहीत. वाढदिवसाला फोन येतो, त्यात घोड्यांचा विषय निघत नाही. मी खिडकीच्या फळीवर आहे. माझ्या भिंगांच्या आत बुरशीचे पांढरे तंतू पसरू लागले आहेत. बाई पहाटे अजून उठतात, सवय मोडत नाही. मला डोळ्यांना मात्र लावत नाहीत.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, असे मी म्हणणार होते. पण वस्तू आहे, कधी हातून पडायचीच. माझी विनवणी एवढीच आहे, की पडली तर पडली म्हणा. मोडली तर मोडली म्हणा. रॉयसने त्या रविवारी दारातच सांगितले असते, आई, माझे चुकले, घोडी जिंकली आणि रागात मी तुझी दुर्बीणही आपटली, तर बाई खूप चिडल्या असत्या. जेवताना एक शब्द बोलल्या नसत्या. सोमवारी तरीही त्यांनी त्याच्या वाटेच्या शिदोरीत बिस्किटे बांधून दिली असती आणि मंगळवारी मला दुरुस्तीला पाठवले असते. तासाभराचे काम होते ते.